सिलाट : लग्नमांडवातला नाच की युद्धकला?

सायली_शाहआलम

नमस्कार. गेली सहा वर्षे माझा मुक्काम मलेशियात, शाह आलमला आहे. मागच्या महिन्यात यजमानांच्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी केदाह राज्यातल्या एका खेड्यात जाण्याचा योग आला. मलय लग्नात नवरा-नवरीला 'राजा सेहारी', म्हणजे एका दिवसाचे राजा-राणी मानतात आणि दरबारात वीरांनी कौशल्य दाखवावे तसे त्यांच्यापुढे सिलाटचे प्रदर्शन करतात. दुपार कलली होती. मांडवाबाहेरच्या उघड्या अंगणात साठीच्या पुढचे एक गृहस्थ आणि विशी-बाविशीचा एक तरुण समोरासमोर उभे राहिले. दोघांनी एकमेकांच्या हातांना हात लावून ते छातीशी नेले, वाकून वंदन केले आणि वाद्ये सुरू झाली : दोन ढोल, एक गाँग आणि थेट आपल्या सनईची आठवण व्हावी असे एक वाद्य.

पुढची साडेचार मिनिटे मी अक्षरशः गोंधळून पाहत होते. हात फुलासारखे उमलत आणि मिटत होते, पाऊल टाकण्याआधी पायाचा अंगठा जमीन चाचपत होता, दोघे एकमेकांभोवती घारीसारखे फिरत होते. लय वाढली तेव्हा दोन-तीन झेपा झाल्या, पण एकही फटका कोणाला लागला नाही. तरुण तर अधूनमधून डोळे मिचकावत होता, त्यामुळे तो नवशिका असावा असे मला वाटले. शेवटी पुन्हा तोच सलाम झाला आणि सगळे जेवायला बसले.

शेजारच्या बाईंनी सांगितले की ह्याला 'सिलाट पुलुत' म्हणतात. पुलुत म्हणजे चिकट तांदूळ. पूर्वी सिलाट खेळणाऱ्यांना बिदागी म्हणून हळदीत शिजवलेला हाच भात देत, म्हणून हे नाव पडले. माझा प्रश्न असा आहे : ज्या कलेचा मलय लोक एवढा अभिमान बाळगतात, तिचे आज उरलेले रूप हेच काय? हा नाच आहे की युद्धकला? तिच्या इतिहासाविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

चौकस_नाना

भातासाठी लढाई हा प्रकार आमच्याकडे पंगतीत दुसऱ्या वाढपाच्या वेळी पाहायला मिळतो, तिथे मात्र फटके लागतात.

शब्दवेल्हाळ

सायलीताई, धागा उत्तम आहे. माझा ह्या विषयाशी संबंध भाषेपुरता आहे, त्यामुळे तेवढेच लिहितो.

आपल्याला सनई आठवली ते योग्यच आहे. त्या वाद्याला 'सेरुनाई' म्हणतात आणि फारसी 'सुर्ना'च्या कुळातलेच ते आहे. सिलाटच्या शब्दसंग्रहात असे पाहुणे पुष्कळ आहेत. शिकवणारा तो 'गुरू'. वीराला मलय भाषेत 'पहलावान' म्हणतात, तो आपला पैलवानच, फारसीतून दोन्हीकडे गेलेला. मलाक्काच्या सुलतानाच्या आरमारप्रमुखाचे पद 'लक्सामाना' हे होते आणि ते रामायणातल्या लक्ष्मणावरून आलेले आहे. प्रधानाचे पद 'बेंदाहारा' हे संस्कृत 'भांडागार'वरून, आणि राजद्रोहाला शब्द 'देरहाका', जो 'द्रोहक'वरून आला.

मात्र तालमीच्या आतले शब्द घरचे आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिकण्याची जागा म्हणजे 'गेलांगगांग', पाऊल टाकण्याची रीत म्हणजे 'लांगका', आणि सर्वांत सुंदर जोडी म्हणजे 'बुंगा' आणि 'बुआह'. बुंगा म्हणजे फूल आणि बुआह म्हणजे फळ. आपण लग्नात जे हात उमलताना पाहिले ते फूल होते. पकड, मोड, फेक, फटका हे फळ. फूल चारचौघांत दाखवायचे असते, फळ शिष्याच्या हातात ठेवायचे असते.

प्राचीविद्या

वरच्या प्रतिसादानंतर आणखी काही सिद्ध करायचे शिल्लक राहिले आहे काय? गुरू आपला, लक्ष्मण आपला, पैलवानही आपलाच. 'सिलाट' हा शब्द तमिळ 'सिलंबम'वरून आला आहे. दक्षिणेतील लाठी आणि केरळचे कलरिपयट्टू समुद्रमार्गे तिकडे गेले आणि त्याचेच हे रूप आहे. आपण आपल्या गोष्टींचे श्रेय घ्यायला फार संकोचतो.

शब्दवेल्हाळ

प्राचीविद्या, सिलंबमवरून सिलाट ही व्युत्पत्ती सांगितली जाते हे खरे आहे, पण ती अनेकांपैकी एक आहे. 'किलात' म्हणजे वीज, तिच्यावरून हा शब्द आला असेही सांगतात. सुमात्रातले मिनांगकाबाऊ लोक ह्याच कलेला 'सिलेक' म्हणतात आणि मूळ रूप आपलेच असे मानतात. धार्मिक वृत्तीची मंडळी अरबी 'सिलातुर्रहीम'कडे, म्हणजे आप्तसंबंध जपण्याकडे, बोट दाखवतात. ज्याला जे मूळ प्रिय, त्याने ती व्युत्पत्ती धरली आहे.

शब्द उसने आल्याने वस्तू उसनी आली असे ठरत नाही. आपण 'पैलवान' हा फारसी शब्द वापरतो म्हणून कुस्ती इराणहून आली असे आपण मान्य कराल काय?

निवृत्त_खलाशी

तेहतीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढली. मलाक्काची सामुद्रधुनी किती वेळा ओलांडली त्याची मोजदाद नाही. पश्चिम सुमात्रातल्या पादांग बंदरात आमचे जहाज एकदा दुरुस्तीसाठी अडकले, तेव्हा एका स्थानिक मित्राबरोबर वर डोंगरात, मिनांगकाबाऊ मुलखात गेलो होतो. तिथे मी जे पाहिले त्याला नाच म्हणण्याचे धाडस माझ्याने होणार नाही.

रात्रीची वेळ होती. प्रार्थनाघराच्या मागे मोकळी जागा होती आणि पावसाने चिखल झाला होता. सात-आठ पोरे जवळजवळ बैठकीतच चालत होती, गुडघा जमिनीपासून वीतभर वर. मित्र म्हणाला की निसरड्या जमिनीवर उभा माणूस आधी पडतो, म्हणून इथे मुळात खाली राहूनच लढायला शिकवतात. पूर्वी वयात आलेली मुले घरी झोपत नसत. रात्री 'सुराऊ'त म्हणजे प्रार्थनाघरात राहत, तिथेच कुराण आणि तिथेच सिलेक शिकत, आणि मग 'मेरांताऊ'ला, म्हणजे मुलूख सोडून नशीब काढायला बाहेर पडत. ही कला सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर पसरली त्यात ह्या भटक्या मिनांगकाबाऊ तरुणांचा मोठा वाटा आहे. मलय द्वीपकल्पातले नेगरी सेंबिलान हे राज्य त्यांच्याच वंशजांचे, आणि तिथे आजही घर-जमीन मुलीकडे जाते.

तिथेच मी पहिल्यांदा केरांबिट पाहिले. वाघाच्या नखासारखे वाकलेले छोटे पाते, मुठीच्या टोकाला कडी, तिच्यात तर्जनी घालायची. हात उघडा दिसतो आणि नख मनगटाला चिकटून असते. आपल्याकडच्या वाघनखांची आठवण होणे साहजिक आहे, पण वाघ दोन्हीकडे होता, एवढेच मी त्यातून काढीन.

दत्ता_तालीमवाला

मी कोल्हापूरचा आहे आणि लहानपणी मर्दानी खेळाच्या आखाड्यात पाच वर्षे लाठी आणि पट्टा फिरवला आहे. त्या अनुभवावरून सायलीताईंच्या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देतो : मिरवणुकीत जो पट्टा फिरतो तो लोकांसाठी असतो. लिंबू कापून दाखवणारा हात आणि वार अडवणारा हात एकच असतो, पण प्रेक्षकांना पहिला दिसतो.

मला कुतूहल वाटले ते वाद्यांचे. कुस्तीच्या फडात हलगी घुमू लागली की पैलवानाच्या अंगात येते, पण हलगीवाला कुस्तीच्या मागे चालतो. तिकडे खेळणारा वाद्याच्या मागे जातो की वाद्य खेळणाऱ्याच्या?

सायली_शाहआलम

दत्तादादा, शेजारच्या बाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, मुरलेला वादक खेळणाऱ्याच्या खांद्याकडे पाहतो. खांदा हलला की ढोल वर चढतो.

इतिहासाचा_विद्यार्थी

इतिहासाचा प्रश्न विचारलाच आहे तर थोडे विस्ताराने लिहितो.

सिलाटचा विषय निघाला की मलय माणूस पहिले नाव घेतो ते हांग तुआहचे. पंधराव्या शतकातल्या मलाक्का सल्तनतीचा हा लक्सामाना. त्याचे चार जिवलग होते : हांग जेबात, हांग कस्तुरी, हांग लेकिर आणि हांग लेकियू. जावातल्या मजापहित राज्याच्या दरबारात तामिंग सारी नावाच्या योद्ध्याला मारून हांग तुआहने त्याचे अजिंक्य केरिस, म्हणजे खंजीर, मिळवले. पुढे दरबाऱ्यांनी चहाडी केली, सुलतानाने त्याला ठार करण्याचा हुकूम दिला, आणि बेंदाहाराने मात्र त्याला गुपचूप लपवून ठेवले. मित्राला अन्यायाने मारले असे समजून जेबातने बंड केले आणि राजवाडाच ताब्यात घेतला. त्याला आवरणारा कोणी उरला नाही तेव्हा हांग तुआह जिवंत असल्याचे उघड झाले, आणि त्याने सुलतानाच्या आज्ञेवरून आपल्याच मित्राला मारले.

ही कथा 'हिकायत हांग तुआह' ह्या ग्रंथातली आहे आणि त्याची हस्तलिखिते २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेली. पण 'सेजाराह मेलायू' हा मलाक्काचा दुसरा जुना ग्रंथ उघडला तर तिथे बंड करणारा जेबात नाही, हांग कस्तुरी आहे. त्या प्रसंगातला एक तपशील मला फार आवडतो. राजवाडा खांबांवर उभा, जमीन फळ्यांची, आणि खालून सैनिक फटींतून भाले खुपसत आहेत. म्हणून बंडखोराने घरातली तबके आणि पराती जमिनीवर पसरून ठेवल्या आणि त्यांवरून उड्या मारत तो लढला. ज्याने हे लिहिले त्याने खांबांवरच्या घरातली मारामारी पाहिली असली पाहिजे, असे मला वाटते. सिलाटमध्ये पाय टाकण्याआधी जमीन चाचपण्याची जी सवय सायलीताईंनी टिपली, ती अशा घरांत किती उपयोगाची असेल ते पाहा.

आता भारताचा संबंध. हिकायतमध्ये हांग तुआह राजदूत म्हणून 'बेनुआ केलिंग'ला, म्हणजे आपल्या पूर्व किनाऱ्याकडच्या मुलखाला येतो आणि बिजय नगरम येथे किसना रायन राजाला भेटतो. हे विजयनगर आणि कृष्णदेवराय, हे उघड आहे. गंमत अशी की हांग तुआह ज्या सुलतान मन्सूर शाहचा सेवक मानला जातो त्याची कारकीर्द १४५९ ते १४७७, आणि कृष्णदेवराय गादीवर आला १५०९ मध्ये. लेखकाने दोन थोर नावे एका दरबारात बसवली. तेव्हा हिकायत हा इतिहास म्हणून नव्हे, तर मलय मनाला आपला वीर कसा हवा होता ह्याचा पुरावा म्हणून वाचावा. २०१२ मध्ये मलेशियाचे ज्येष्ठ इतिहासकार खू के किम ह्यांनी हांग तुआह ही ऐतिहासिक व्यक्ती नसल्याचे म्हटले, तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला होता.

१५११ मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने मलाक्का जिंकली. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने गोवा घेतला होता. पुढे १६४१ मध्ये डचांनी घेईपर्यंत मलाक्काचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. दरबार गेला, राजाश्रय गेला आणि सिलाट खेड्यांत, शेतांत, मांडवांत शिरला. माझ्या मते लग्नातला तो भात राजाश्रयाची जागा भरून काढणारा आहे.

प्राचीविद्या

जेबातचे चुकले तरी काय? मित्राला न्याय मिळावा म्हणून तो उभा राहिला. आणि मित्राने त्यालाच मारले.

इतिहासाचा_विद्यार्थी

हाच वाद तिथे साठ-सत्तर वर्षे चालू आहे. जुन्या पिढीला तुआह आदर्श वाटतो, कारण राजाशी द्रोह हे महापाप. स्वातंत्र्यानंतरच्या अनेक लेखकांना जेबातच नायक वाटला. सिलाटच्या तालमीत मात्र बहुधा तुआहच जिंकतो, कारण तिथे गुरूपुढे मान तुकवणे हा पहिला धडा असतो. मलाक्का शहरात जेबातची कबर म्हणून जी वास्तू दाखवतात तीही लोक जपतात, आणि तिथला सर्वांत गजबजलेला रस्ता त्याच्याच नावाने आहे.

म्हापशेकर

गोव्याचे नाव निघाले म्हणून राहवले नाही. २०२३ मध्ये आमच्याकडे ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाली तेव्हा पेन्चाक सिलाट पहिल्यांदाच त्या स्पर्धेत होते, आणि मी स्वयंसेवक म्हणून एक दिवस त्या मैदानाच्या कडेला उभा होतो. तोवर हे नाव मी ऐकलेही नव्हते.

सायलीबाय, तुम्ही जे पाहिले आणि मी जे पाहिले त्यांत फक्त पहिला सलाम सारखा होता. दहा मीटर बाय दहा मीटरची मॅट, छातीवर जाड कवच, डोक्यावर मारायचे नाही. ठोशापेक्षा लाथेला जास्त गुण आणि समोरच्याला खाली पाडले तर त्याहून जास्त. त्यामुळे सगळे एकमेकांचा पाय पकडायला टपलेले असतात. वेगळ्या गटात एकट्याने करायचा प्रकार होता, त्याला 'तुंगाल' म्हणतात. आधी मोकळ्या हातांनी, मग कोयत्यासारखे हत्यार घेऊन, मग काठी घेऊन, तीन मिनिटांत शंभर हालचाली नेमून दिलेल्या क्रमाने. एका मुलीची काठी हातातून निसटली आणि माझ्या बुटापाशी येऊन थांबली. तिने ती उचलली, पुढची हालचाल पुरी केली, आणि बाहेर आल्यावर रडली.

अनघा_पुणे

म्हापशेकर, आपल्या शेवटच्या वाक्याने गलबलले.

माझा अनुभव नेमका उलट आहे. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका संस्थेने 'दोन दिवसांत सिलाट आणि केरांबिट' अशी कार्यशाळा घेतली होती. शुल्क बरेच होते. पहिल्या दिवशी रबरी केरांबिट बोटात गरगर फिरवायला शिकवले, दुसऱ्या दिवशी छायाचित्रे काढली आणि संध्याकाळी प्रशिक्षक म्हणून प्रमाणपत्र हातात दिले. पाऊल कसे टाकायचे हा शब्दही दोन दिवसांत निघाला नाही. मी ते प्रमाणपत्र घरी आणून कपाटात कागदाखाली घातले आहे, कारण खण हलत होता.

चौकस_नाना

म्हणजे त्यातून निदान कपाटाचे पाऊल स्थिर झाले.

वारसा_अभ्यासक

थोडे क्रीडा आणि वारसा ह्यांतल्या ताणाविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

'पेन्चाक सिलाट' हे जोडनाव मुख्यतः इंडोनेशियातले. तिथली इप्सी ही राष्ट्रीय संघटना १८ मे १९४८ रोजी सुराकार्ता येथे स्थापन झाली, तेव्हा डचांशी स्वातंत्र्यलढा चालू होता आणि निरनिराळ्या बेटांवरच्या शेकडो घराण्यांना एका छत्राखाली आणणे हे राष्ट्रबांधणीचेच काम होते. १९८० मध्ये इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रुनेई ह्यांनी मिळून परसिलात ही आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. १९८७ पासून आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत हा खेळ आहे. २०१८ च्या जाकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत १६ पैकी १४ सुवर्णपदके यजमान इंडोनेशियाने जिंकली. गुणदानावरून इतकी कुरबुर झाली की मलेशियाच्या एका खेळाडूने अंतिम लढत अर्ध्यावर सोडली.

आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये कोलंबियातल्या बोगोता येथे युनेस्कोच्या एकाच बैठकीत दोन स्वतंत्र नोंदी झाल्या : मलेशियाची 'सिलाट' आणि इंडोनेशियाची 'पेन्चाक सिलाटच्या परंपरा'. सामुद्रधुनीच्या दोन तीरांवर एकच कला, दोन अर्ज, दोन प्रमाणपत्रे. माझे वैयक्तिक मत असे की दोन्ही देशांनी संयुक्त अर्ज केला असता तर तो अधिक खरा ठरला असता. ज्या मिनांगकाबाऊ पोराने मेरांताऊला निघताना होडीत बसून सामुद्रधुनी ओलांडली, त्याच्या लांगकाचे पारपत्र कोण तपासणार?

निवृत्त_खलाशी

वारसा_अभ्यासक, शेवटचे वाक्य आमच्या जहाजाच्या कप्तानाला वाचून दाखवायला हवे होते. मात्र संयुक्त अर्जाची कल्पना मला पटत नाही. दोन भाऊ वेगळे राहतात तेव्हा देव्हारा दोन्ही घरांत असतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

केरिसविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे. मी एक जुने केरिस जवळून हाताळले आहे. पाते सरळ असते किंवा नागमोडी, आणि नागमोडी असेल तर वळणांची संख्या नेहमी विषम. लोखंडाचे निरनिराळे थर ठोकून एकत्र केल्यामुळे पात्यावर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी दिसते, तिला 'पामोर' म्हणतात. लिंबाच्या रसाने धुऊन आणि सोमल लावून ती खुलवतात. मुठीच्या एका प्रकाराचे नाव 'जावा देमाम', म्हणजे 'तापाने फणफणलेला जावावासी'. मूठ पाहिली की नाव पटते, अंगावर पांघरूण ओढून कुडकुडत बसलेला माणूसच तो. ती पिस्तुलासारखी हातात बसते आणि पाते मनगटाच्या रेषेत सरळ पुढे जाते. हे कापायचे हत्यार नाही, भोसकायचे आहे, आणि म्हणून त्याच्याशी लढायचे पाऊलही वेगळे.

शब्दवेल्हाळ

हत्यारांत एक कापडही आहे, ते विसरू नये. 'चिंदाई' नावाचा रेशमी शेला कमरेला गुंडाळायचा आणि वेळ पडली की त्याने समोरच्याचा हात किंवा हत्यार गुरफटायचे. हे चिंदाई म्हणजे गुजरातचे पटोळे. पाटणच्या विणकरांचे दुहेरी रंगबंधाचे रेशीम जहाजांतून मलय मुलखात जाई आणि मसाल्यांच्या व्यापारात चालत असे. प्राचीविद्या, भारताचे श्रेय हवे असेल तर हे घ्यावे, त्याला हरकत नाही.

प्राचीविद्या

घेतले. आणि सिलंबमवरचा हट्ट तूर्त बाजूला ठेवतो.

दत्ता_तालीमवाला

सोमल लावलेले पाते आणि पटोळ्याचा शेला! इथे आमच्या वस्तादांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारले, "शिष्याला घेताना काय घेतात?"

वारसा_अभ्यासक

वस्तादांचा प्रश्न मोलाचा आहे. घराण्यागणिक रीत बदलते, पण लिंबाच्या पाण्याने स्नान घालण्याचा विधी अनेक ठिकाणी आहे आणि गुरूपुढे शपथ असतेच.

घराण्यांत फरक केवढा असावा ह्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. 'सेनी सिलाट गायोंग' महागुरू मेओर अब्दुल रहमान (१९१५-१९९१) ह्यांनी नावारूपाला आणले. सिंगापूरजवळच्या पुलाऊ सुदोंग बेटावर त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि पुढे शाळा-महाविद्यालयांपर्यंत त्यांची परंपरा पोचली. उड्या, कोलांट्या, हत्यारे, रंगीत पट्ट्यांची श्रेणी असा तिचा थाट आहे. त्यांची कन्या सिती कल्सोम ह्याही नावाजलेल्या गुरू. दुसरीकडे 'सिलाट चेकाक'. ती सायलीताईंच्या त्याच केदाह राज्यातली. पांगलिमा ताइब ह्यांच्याकडून आलेली ही विद्या उस्ताद हनाफी ह्यांनी १९६० च्या दशकापासून सर्वांसाठी खुली केली. तिच्यात फूल नाहीच. वाद्य नाही, नाच नाही, पवित्रा नाही. माणूस हात सैल सोडून सरळ उभा राहतो आणि हल्ला अंगावर येण्याची वाट पाहतो. अडवण्याच्या मूळ पद्धती नमाजातल्या हालचालींशी जोडलेल्या आहेत असे ते मानतात. एकाच राज्यात एका गावी साडेचार मिनिटांचे फूल आणि दुसऱ्या गावी फूलच वर्ज्य.

धर्माचा मुद्दाही इथे येतो. जुन्या गुरूंकडे मंत्र असत, शस्त्राने अंग न कापण्याच्या सिद्धीचे दावे असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धार्मिक सुधारणेचा जोर वाढला तशी अनेक घराण्यांनी मंत्र टाकून त्या जागी प्रार्थना आणली. काही जुनी मंडळी हे नुकसान मानतात, काही शुद्धी मानतात. बाहेरच्या माणसाने ह्यात निवाडा करू नये.

अनघा_पुणे

आपल्याकडेही २०२० मध्ये केंद्र सरकारने क्रीडा कोट्यातील नोकरभरतीच्या यादीत पेन्चाक सिलाट घातले, आणि त्याच यादीत मल्लखांबही आला. माझ्या भावाच्या मुलीच्या शाळेत त्यामुळे अचानक सिलाट सुरू झाले. मुलांचे पालक विचारतात की नोकरी मिळेल ना. तिला मात्र तो पहिला सलाम फार आवडतो. घरी जेवायला बसण्याआधी ती आजोबांपुढे तो करते.

संपादक_मंडळ

धागा विषयाला धरून चालला आहे, ह्याचे समाधान आहे. नोकरभरतीच्या नियमांसाठी स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.

म्हापशेकर

सायलीबाय गप्प का? तुमचा मूळ प्रश्न आता तरी सुटला काय?

सायली_शाहआलम

गप्प नव्हते, केदाहला पुन्हा जाऊन आले.

ह्या वेळी यजमानांच्या सहकाऱ्याला विनंती केली आणि त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी गेलो. सगळे त्यांना 'पाक चिक', म्हणजे काका म्हणतात. घराच्या मागे नारळीच्या झाडांमध्ये झाडून काढलेली मोकळी जागा, हेच त्यांचे गेलांगगांग. कमान नाही, पाटी नाही. एका झाडाला जुना ढोल टांगलेला होता. मी धीर करून माझा प्रश्न विचारला, की लग्नात जे केले तो नाच होता की लढाई. सहकाऱ्याने भाषांतर करताना तो बराच सौम्य केला असावा.

पाक चिक हसले आणि माझ्या यजमानांना म्हणाले, मला ठोसा मारा. यजमान संकोचले, मग त्यांनी हळूच हात पुढे केला. पाक चिकनी काही केले असे मला दिसलेच नाही. तोच उमलणारा हात होता, फक्त ह्या वेळी त्याच्या आत यजमानांचे मनगट होते आणि यजमान गुडघ्यावर होते. चहा येईपर्यंत त्यांचा अंगठा दुखत होता.

मग पाक चिकनी विचारले, लग्नाची चित्रफीत आहे काय? होती. त्यांनी आवाज बंद करायला लावला आणि म्हणाले, माझे हात पाहू नका, जमिनीवरची सावली पाहा. एवढे सांगून ते कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेले.

परतीच्या प्रवासात मी ती साडेचार मिनिटे पाच वेळा पाहिली. दुपारचे ऊन तिरपे होऊ लागले होते. पाक चिक ज्या बाजूला सरकत होते ती प्रत्येक वेळी एकच होती, सूर्याला पाठ मिळेल ती. तो तरुण नवशिका मुळीच नव्हता. त्याने तीनदा वळून जागा बदलण्याचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तो फुलासारखा हात त्याच्या वाटेत आला, म्हणून त्याचे डोळे मिचकत होते. साडेचार मिनिटांत पाक चिकच्या चेहऱ्यावर ऊन एकदाच पडले, ते शेवटच्या सलामाच्या वेळी, आणि तेव्हा स्वतःहून दोन पावले फिरून तेच उन्हात येऊन उभे राहिले होते.